अमेरिकेत घर हातचं गेलं आणि मुलं शाळेत असतील, तर पहिला फोन शाळेला करा

अमेरिकेत शाळेत जाणारी मुलं असलेल्या कुटुंबाचं घर गेलं, म्हणजे नोकरी सुटली, भाडं थकलं, अपार्टमेंटला आग लागली, नवरा-बायकोचं फाटलं, कारण काहीही असो, तर बहुतेक लोक आधी शेल्टरचा नंबर शोधतात, तिथे जागा नाही असं उत्तर मिळतं आणि मग ओळखीच्या कुणाच्यातरी बेसमेंटमध्ये गाद्या टाकून महिनेच्या महिने काढतात. शाळेला मात्र कुणी काही सांगत नाही. एक तर लाज वाटते, आणि दुसरं म्हणजे पत्ता बदलल्याचं कळलं तर मुलाचं नाव काढून टाकतील ही भीती असते. माझं म्हणणं आहे की हे बरोब्बर उलटं करा, कारण शाळा तुम्हाला घर देत नसली तरी या देशात बेघर मुलांसाठी सगळ्यात पक्का कायदा शाळेशीच जोडलेला आहे आणि बाकीची बरीच दारं शाळेच्या एका पत्राने उघडतात.

त्या कायद्याचं नाव मॅकिनी-व्हेंटो. १९८७ चा कायदा, कनेक्टिकटचे रिपब्लिकन खासदार स्ट्युअर्ट मॅकिनी आणि मिनेसोटाचे डेमोक्रॅट ब्रूस व्हेंटो यांच्या नावाने ओळखला जातो, शिक्षणाचा भाग २०१५ मध्ये अजून मजबूत केला. हे नाव पाठ करून ठेवा कारण फोनवर हे नाव घेतलं की समोरचा माणूस सरसावून बसतो.

आधी हे बघा की तुम्ही यात बसता का

बहुतेक लोक इथेच चुकतात. रस्त्यावर किंवा शेल्टरमध्ये असेल तोच बेघर असं आपण धरून चालतो. शाळेच्या कायद्यात तसं नाहीये. रात्री झोपायला कायमची, रोजची आणि राहण्यालायक जागा नसेल तर ते मूल यात येतं. म्हणजे घर गेल्यामुळे किंवा पैशांच्या अडचणीमुळे नातेवाइकांकडे, मित्राकडे, ऑफिसातल्या कुणाकडे राहताय? येता. दुसरी सोय नाही म्हणून मोटेलमध्ये आहात, भले पैसे तुम्ही स्वतःच भरत असा? येता. गाडीत, कॅम्पग्राउंडवर, वीज-पाणी तोडलेल्या मोडक्या घरात? येता. शेल्टर किंवा ट्रान्झिशनल हाउसिंग तर आहेच.

दरवर्षी अमेरिकेतल्या सरकारी शाळा दहा लाखांहून जास्त बेघर विद्यार्थी नोंदवतात आणि त्यातले साधारण तीन-चतुर्थांश असे दुसऱ्याच्या घरात दाटीवाटीने राहणारे असतात, त्याला इथे ‘डबल्ड-अप’ म्हणतात. तेव्हा "आमच्या डोक्यावर छप्पर तर आहे ना" असं म्हणून हक्क सोडून देऊ नका. हां, पैसे वाचवायला किंवा सोबत म्हणून दोन कुटुंबांनी आपल्या मर्जीने एकत्र राहायचं ठरवलं असेल तर ते यात धरत नाहीत. घर गमावल्यामुळे राहताय का, प्रश्न एवढाच.

आज रात्रीचाच प्रश्न असेल तर

बाकीचं नंतर वाचा. फोनवर २११ (मदतीची हेल्पलाइन) लावा. जवळपास सगळ्या देशात चालतो, दुभाषा मागता येतो, झिप कोड सांगा आणि स्पष्ट सांगा की "माझ्याबरोबर मुलं आहेत आणि आज रात्री झोपायला जागा नाही". मुलं आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, कारण कुटुंबांची रांग वेगळी असते. तीन गोष्टी विचारा: आज कुठलं फॅमिली शेल्टर घेतंय, मोटेल व्हाउचर कोण देतंय, आणि आपल्या काउंटीत ‘कोऑर्डिनेटेड एन्ट्री’ (घराच्या मदतीसाठीची एकत्रित नोंदणी) कुठे करायची. सॅल्व्हेशन आर्मी, कॅथलिक चॅरिटीज आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या स्थानिक शाखांना स्वतःसुद्धा फोन करा, धर्म विचारत नाहीत, पण एकेका शाखेचा निधी महिन्याच्या मध्यालाच संपलेला असू शकतो म्हणून नवीन महिना लागला की पुन्हा विचारायचं.

काही ठिकाणचे नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्क शहरात निवाऱ्याचा हक्क कोर्टाने बांधून दिलेला आहे, २१ वर्षांखालची मुलं असलेल्या कुटुंबाने थेट ब्रॉंक्समधल्या पाथ सेंटरला (कुटुंबांच्या निवाऱ्याचं नोंदणी केंद्र) जायचं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८३ पासून पात्र कुटुंबांसाठी इमर्जन्सी असिस्टन्स (तातडीचा निवारा) आहे, पण २०२३ पासून त्यावर मर्यादा आल्यात त्यामुळे अर्ज लगेच टाकलेला बरा. कॅलिफोर्नियात कॅलवर्क्सला (मुलं असलेल्या गरीब कुटुंबांची रोख मदत) पात्र असाल तर मोटेलच्या रात्रींसाठी १६ दिवसांपर्यंत वेगळी होमलेस असिस्टन्स मिळते, ती काउंटीच्या वेल्फेअर ऑफिसात मागायची, आपणहून कुणी सांगेल या भरवशावर राहू नका.

शेल्टरवाले म्हणाले की आई आणि धाकटी चालेल पण पंधरा वर्षांचा मुलगा नाही चालणार, तर ते तसंच मान्य करू नका. केंद्र सरकारच्या होमलेस प्रोग्रामचे पैसे घेणाऱ्या फॅमिली शेल्टरला १८ वर्षांखालच्या मुलाच्या वयावरून कुटुंब नाकारता येत नाही. शांतपणे विचारा की तुम्हाला हडचा (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा) निधी मिळतो का, आणि मग हा नियम सांगा.

गाडीतच रात्र काढावी लागली तर बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. पश्चिमेकडच्या काही शहरांत ‘सेफ पार्किंग’ असतं, रखवाली आणि बाथरूमसकट, २११ ला तेही विचारा.

आता शाळा: लिएझॉनला गाठा

प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एक माणूस नेमलेला असतोच, कायद्यानेच, त्याला होमलेस लिएझॉन किंवा मॅकिनी-व्हेंटो लिएझॉन म्हणतात. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर स्टुडंट सर्व्हिसेसखाली नाव सापडतं. नाही सापडलं तर डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करून एवढंच म्हणा, "आय नीड टू स्पीक विथ द मॅकिनी-व्हेंटो लिएझॉन, वी लॉस्ट अवर हाउसिंग." शाळेच्या फ्रंट डेस्कवर सगळी कहाणी सांगत बसू नका, तिथल्या माणसाला हा कायदा माहीत असेलच असं नाही आणि चारचौघात बोलायचीही गरज नाही. फोनवर नीट काही होत नसेल तर ईमेल करा, खरं तर फोन झाला तरी नंतर दोन ओळींचा ईमेल टाकाच, तारीख लेखी राहते.

लिएझॉनकडे मागायच्या गोष्टी:

मूल आहे त्याच शाळेत राहील का. याला ‘स्कूल ऑफ ओरिजिन’ म्हणतात. तुम्ही दुसऱ्या गावात मावशीकडे राहायला गेलात तरी घर नसेल तोवर मूल जुन्या शाळेत राहू शकतं आणि तेच मुलाच्या हिताचं आहे असं कायदा धरून चालतो, तुमची इच्छा वेगळी असेल तर गोष्ट वेगळी. सरकारी प्रीस्कूललाही हे लागू आहे. मी म्हणेन की शक्यतो शाळा बदलू नका, घर गेलं की मुलाकडे मित्र आणि त्याचे सर-मॅडम एवढंच जुनं उरलेलं असतं.

जाण्या-येण्याची सोय. तुम्ही मागितलीत तर डिस्ट्रिक्टला जुन्या शाळेपर्यंत ट्रान्सपोर्टेशन द्यावंच लागतं, बस असेल, व्हॅन असेल, पास असेल किंवा पेट्रोलचे पैसे. राहताय ते डिस्ट्रिक्ट वेगळं असेल तर खर्चाची वाटणी त्यांनी आपापसात करायची, जमलं नाही तर निम्मा-निम्मा, तुम्हाला मध्ये पडायचं कारण नाही.

नवीन शाळा हवी असेल तर ताबडतोब प्रवेश. लीज नाही, युटिलिटी बिल नाही, बर्थ सर्टिफिकेट नाही, लसीकरणाचे कागद नाहीत, प्रवेशाची तारीख उलटून गेलीये, यातलं कुठलंही कारण चालत नाही. मूल आधी वर्गात बसणार, कागद मागून येणार आणि ते मिळवायला लिएझॉनने मदत करायची.

जेवण. लिएझॉनने यादीत नाव टाकलं की शाळेतलं ब्रेकफास्ट-लंच फुकट, उत्पन्नाचा फॉर्मसुद्धा भरावा लागत नाही, आणि ते निदान वर्ष संपेपर्यंत चालतं.

याशिवाय दप्तर, कपडे, बूट, चष्मा-कॅल्क्युलेटरपासून ग्रॅज्युएशनच्या फीपर्यंत, जुन्या लायब्ररी फाइनपर्यंत, शिकण्यात किंवा शाळेच्या ॲक्टिव्हिटीत भाग घेण्यात जे काही आडवं येतंय ते सांगा. धाकटं भावंड असेल तर हेड स्टार्टबद्दल (लहान मुलांची सरकारी बालवाडी) विचारा, बेघर मुलं तिथे उत्पन्न न बघता पात्र असतात.

शाळेचा हा निधी घरभाड्यासाठी नसतो, त्यामुळे लिएझॉन तुमचं भाडं भरेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, नाहीतर निराश होऊन पुढच्या सगळ्या गोष्टी सोडून द्याल. पण अनुभवी लिएझॉनला गावातलं कुठलं चर्च या आठवड्यात मोटेलचे पैसे देतंय, कुठल्या शेल्टरमध्ये उद्या खोली रिकामी होणार आहे हे माहीत असतं, तेव्हा सरळ विचारा की अशा वेळी इथे लोक कुणाला फोन करतात.

आणि शाळा नाही म्हणाली तर? नकार लेखी मागा. लेखी कारण देणं त्यांना बंधनकारक आहे, तुम्हाला अपील करता येतं आणि वाद मिटेपर्यंत मूल तुम्ही मागितलेल्या शाळेतच बसतं, ट्रान्सपोर्टेशनसकट. डिस्ट्रिक्ट दादच देत नसेल तर प्रत्येक राज्याच्या शिक्षण खात्यात स्टेट कोऑर्डिनेटर असतो, त्याला ईमेल करा. बऱ्याचदा त्या एका ईमेलवर काम होतं.

घाबरवणारे प्रश्न

शाळा घरमालकाला कळवेल का? नाही. राहण्याच्या परिस्थितीची माहिती ही विद्यार्थ्याच्या रेकॉर्डचा भाग आहे, फर्पा कायद्याखाली गोपनीय, ज्यांच्याकडे राहताय त्यांच्या घरमालकालाही ती देता येत नाही. हे तुमच्या यजमानांनाही सांगा, त्यांना आपल्या लीजची काळजी असते.

मुलं काढून घेतील का? लिएझॉन हा चाइल्ड प्रोटेक्शनवाला नाही, आणि नुसती गरिबी किंवा घर नसणं म्हणजे मुलांची हेळसांड नव्हे असं बऱ्याच राज्यांच्या कायद्यातच लिहिलंय.

व्हिसाचं काय? सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क इमिग्रेशन स्टेटसवर अवलंबून नाही, सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो खटल्यात हे ठरवलंय. एच-फोरवरचं (एच-वनबीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) मूल असो किंवा व्हिसा संपलेलं, मॅकिनी-व्हेंटो लागू होतो. मात्र रोख रकमेच्या सरकारी मदतीचा अर्ज करण्याआधी लीगल एडच्या (मोफत कायदेशीर मदत) किंवा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, कारण पात्रता आणि ग्रीन कार्डवरचा परिणाम दोन्ही बघावं लागतं. एच-वनबीची नोकरी गेली असेल तर जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर तेवढाच, त्यामुळे घर आणि व्हिसा या दोन्हींचं कॅलेंडर एकत्र मांडा, लीज मोडायची की ठेवायची ते त्यावरून ठरवा. भारतीय पासपोर्ट असेल आणि सगळेच मार्ग खुंटले असतील तर भारतीय कॉन्सुलेटकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, अडचणीत सापडलेल्या नागरिकांना तात्पुरतं राहणं आणि गरज पडली तर परतीचं तिकीट यातून मिळू शकतं. परिस्थिती बघून देतात, सरसकट नाही, पण अर्ज करायला काय हरकत आहे.

घराची रांग: इथे व्याख्या बदलते

घराच्या मदतीचं खातं म्हणजे हड, आणि त्यांची बेघर असण्याची व्याख्या शाळेपेक्षा बरीच अरुंद आहे. शेल्टर, रस्ता, गाडी, किंवा एखाद्या संस्थेने पैसे भरलेलं मोटेल हे त्यांना लगेच मान्य. मित्राकडे किंवा स्वतःच्या पैशाने मोटेलमध्ये राहताय तर बहुतेक वेळा तुम्ही तेव्हाच बसता जेव्हा १४ दिवसांत ती जागा सुटणार असते आणि पुढे जायला जागा किंवा पैसे नसतात. म्हणून दोन कागद तयार ठेवा.

एक, ज्यांच्याकडे राहताय त्यांचं सहीचं पत्र, अमुक तारखेनंतर हे कुटुंब इथे राहू शकत नाही असं. खरं असेल तेच लिहून घ्या, ते लोक फोन करून खात्री करतात. मोटेलमध्ये असाल तर पावत्या आणि बँक बॅलन्स, म्हणजे पैसे किती दिवस पुरतील ते दिसतं.

दोन, लिएझॉनचं पत्र. ट्रेनिंग घेतलेला लिएझॉन तुमचं कुटुंब हडच्या होमलेस प्रोग्रामसाठी पात्र आहे हे स्वतः प्रमाणित करू शकतो, कायद्यात तशी तरतूद आहे, पण ही गोष्ट फार कमी पालकांना माहीत असते. नुसतं "हे मूल आमच्याकडे शिकतं" असं पत्र नको, कुठल्या परिस्थितीत राहतंय आणि कधीपासून, हे त्यात हवं.

हे घेऊन कोऑर्डिनेटेड एन्ट्रीला जा. तिथे बरेच खाजगी प्रश्न विचारतात, तब्येत, हिंसाचार, आधी किती वेळा घर गेलं. आपली सवय असते की "तसं सगळं ठीक आहे हो" म्हणायचं, इथे तसं म्हणू नका, कारण आधी आला त्याचा नंबर आधी असं इथे नसतं, ज्याची अडचण मोठी त्याचा नंबर आधी असं असतं. रॅपिड री-हाउसिंग मिळालं तर डिपॉझिट आणि काही महिन्यांचं भाडं मिळतं. फोन नंबर किंवा ईमेल बदलला की लगेच कळवा, फोन लागला नाही म्हणून यादीतून नावं गळतात. अर्ज करायला किंवा वेटिंग लिस्टवर नाव टाकायला कुणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे. कोविडच्या काळातला भाड्याच्या मदतीचा केंद्राचा निधी आता संपलाय, त्याच्या जुन्या लिंकवर आधार नंबरासारखी माहिती, म्हणजे सोशल सिक्युरिटी वगैरे, भरत बसू नका.

अजून घर गेलं नसेल, नुसती नोटीस आली असेल

तर सोडून जाऊ नका. घरमालकाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, आणि कोर्टाशिवाय कुलूप बदलणं किंवा वीज तोडणं जवळपास सगळीकडे बेकायदेशीर आहे. कोर्टाची तारीख आली की जा म्हणजे जाच, गैरहजर राहिलात की निकाल एकतर्फी लागतो आणि ते रेकॉर्ड पुढच्या प्रत्येक घरमालकाला दिसतं. तारखेआधी लीगल एडला फोन करा, न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काही शहरांत अशा केसमध्ये सरकारतर्फे वकील मिळतो. मोटेलबद्दलही एक गोष्ट: कॅलिफोर्नियासह काही राज्यांत ३० दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही भाडेकरू धरले जाता, म्हणून काही मोटेलं २८ व्या दिवशी मुद्दाम बाहेर काढून पुन्हा चेक-इन करायला लावतात. कॅलिफोर्नियात हे बेकायदेशीर आहे.

घरातच मारहाण असेल

तर वेळापत्रक वेगळं. नॅशनल डोमेस्टिक व्हायोलन्स हॉटलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास, दुभाष्यासकट. हडच्या नियमात हिंसाचारापासून पळणाऱ्यांचा वेगळा गट आहे, १४ दिवसांची वगैरे अट नाही. आपल्याकडच्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत: न्यू जर्सीत मानवी, न्यूयॉर्कला सखी, शिकागोला अपना घर, बे एरियात मैत्री, ह्यूस्टनला दया, अटलांटात रक्षा. एच-फोरवर आहे म्हणून सहन करायची गरज नाही, त्रास सोसणाऱ्या बायकोला स्वतःचं वर्क परमिट मागायची वेगळी सोय आहे, या संस्था वकील जोडून देतात. लिएझॉनला सांगा की नवीन पत्ता दुसऱ्या पालकापर्यंत जाता कामा नये, आणि प्रोटेक्टिव्ह ऑर्डर असेल तर त्याची कॉपी शाळेत द्या.

कागद आणि टपाल

पासपोर्ट, आय-९४, सोशल सिक्युरिटी कार्डं, बर्थ सर्टिफिकेटं, लसीकरण, शेवटच्या पे-स्टब्ज, लीज, नोटीस. सगळ्यांचे फोटो काढून स्वतःच्याच ईमेलला पाठवा, आणि ओरिजिनल एका झिपलॉकमध्ये, जे गाडीत नाही तर अंगावरच्या बॅगेत राहील. पत्ता नसेल तर पोस्टात ‘जनरल डिलिव्हरी’ मागा, तुमच्या नावाचं टपाल ते ३० दिवसांपर्यंत ठेवतात, सरकारी पत्रं चुकत नाहीत.

मूल एकटंच असेल

घरातून काढलेलं किंवा निघून आलेलं पोर तुमच्याकडे राहात असेल तर तेही मॅकिनी-व्हेंटोत येतं, पालकाची सही नसली तरी शाळेत प्रवेश मिळतो. रात्रीबेरात्री बोलायला नॅशनल रनअवे सेफलाइन १-८००-७८६-२९२९. बारावीतलं असेल आणि फाफ्सासाठी (कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) पात्र असेल तर लिएझॉनकडून ‘अनअकंपनीड होमलेस यूथ’ असल्याचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा, त्यावर त्याला पालकांच्या उत्पन्नाशिवाय स्वतंत्र विद्यार्थी म्हणून मदत मिळते. कॉलेजात असताना घर गेलं तर डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात इमर्जन्सी ग्रँट आणि सुट्टीत डॉर्म उघडं ठेवण्याबद्दल विचारायचं, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत त्यासाठी बेसिक नीड्स सेंटर असतं. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना फाफ्सा मिळत नाही पण कॉलेजच्या स्वतःच्या ग्रँटा बऱ्याचदा मिळू शकतात, इंटरनॅशनल ऑफिसला विचारा.

घर मिळाल्यावर

लिएझॉनला लगेच सांगा, लपवू नका. घर मिळालं म्हणून वर्षाच्या मध्यात शाळा सुटत नाही, ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मूल जुन्याच शाळेत राहू शकतं आणि ट्रान्सपोर्टेशनही तोवर चालू राहतं. फुकट जेवण पुढच्या वर्षीचे पहिले ३० शाळेचे दिवस चालतं, तेवढ्यात उत्पन्नावरचा नेहमीचा फॉर्म भरून टाका, म्हणजे खंड पडणार नाही. आणि नवीन घर पुन्हा हातचं गेलं, जे पहिल्या वर्षात होऊ शकतं, तर त्याच लिएझॉनला त्याच दिवशी फोन करा, नोंद पुन्हा चालू होते.